मैदानावर नातेवाईक नकोत

विमान शिकवणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गळ्यात पांढरा मफलर, ओठात सिगरेट आणि चालण्यात ऐट असलेला कुणीतरी येतो. धर्माळे सरांचं तसलं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून माझ्यावर रागवायला नको. अंगानं बुटके. आयुष्यभर धोतर नेसलेल्या माणसानं विजार घातल्यावर तो जसा पाय फाकवून चालतो, तशी चाल. कानात बारमाही कापसाचे बोळे. गॉगलची पट्टी तुटलेली, तिथं सुतळी बांधलेली. लढाईच्या काळात ते विमानदलात होते असं सगळे म्हणत, पण तिथं त्यांनी काय केलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती.

अकोल्याच्या बाहेर लढाईच्या वेळची एक धावपट्टी पडून होती. पन्नास सालानंतर तिथं काही वर्षं विमान शिकवायचा एक क्लब चालला. क्लब म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, एक मेकॅनिक, कापडानं मढवलेलं दोन पंखांचं एक विमान आणि धर्माळे सर. विमानात पुढं सर बसायचे, मागं शिकणारा. मी अमरावतीचा. अकोल्याला मामाकडं राहून कॉलेज करत होतो आणि हे खूळ कुठून डोक्यात शिरलं कोण जाणे. पहाटे सायकल मारत जायचं, कारण ऊन चढलं की आमच्या वऱ्हाडातली हवा विमानाला नुसती आपटते. दहाच्या आत सगळं आटपायचं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता विमानात बसवतील. त्यांनी मला शेडमागं नेलं. तिथं एका मोडक्या विमानाचा सांगाडा पडला होता. कापड फाटलेलं, एक पंख नाहीच, आत गवत उगवलेलं.

"बस," सर म्हणाले.

"याच्यात?"

"मंग काय माह्या मांडीवर बसतं? बस."

बसलो. पायाला काहीतरी चावलं, पण बोललो नाही.

"हे कसं मोडलं, सांग."

"इंजिन बंद पडलं असेल."

"इंजिन चांगलं होतं. हवा चांगली होती. पोट्टंही चांगलं होतं. उतरून राहिला होता तो. वरून जरा जास्त वेगानं आला, जमिनीले टेकला आन् उसळला. उसळला त काय झालं? इंजिन वाढवाचं, वर जाचं, एक चक्कर मारून परत याचं. यानं काय केलं? नाक खाली दाबलं. आता उतरतोच म्हणे."

"मेला?"

"पाय गेला. मूर्तिजापूरले असते. किराण्याचं दुकान हाये त्याचं."

मग त्यांनी दुसरा किस्सा सांगितला. पावसाळ्यात एक पोरगा पट्टीवरून बाजूला घसरला. चाकं काळ्या मातीत रुतली आणि विमान उलटं झालं. पोरगा पट्ट्याला उलटा लटकलेला, अंगावर खरचटणंसुद्धा नाही. घाबरून त्यानं पट्टा सोडला आणि डोक्यावर पडला. तो गेला. हे सगळं सर डब्यात आज काय भाजी आणली ते सांगावं तसं सांगत होते. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या सांगाड्यात बसवायचे. क्लबचे सेक्रेटरी म्हणायचे, हे भंगार विकून टाका, येणारे-जाणारे पाहतात, बरं दिसत नाही. सर ऐकून घ्यायचे आणि सांगाडा तिथंच राहायचा.

त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. समोरून रबरी नळीतून त्यांचा आवाज मागच्याच्या कानात यायचा, आणि त्यात निम्म्या शिव्या असायच्या. "काहून बे, झोपला काय?" "नाक पाह्य, नाक. तुह्यं नाही, इमानाचं." पण उतरताना ते एकदम गप्प व्हायचे. उतरणं थोडं जरी चुकलं तरी आपण होऊन इंजिन वाढवायचं, वर जायचं आणि पुन्हा फेरी घेऊन यायचं, ही त्यांची शिकवण. चुकलं आणि तरी तसंच रेटून उतरवलं, मग ते कितीही नीट उतरो, सर दिवसभर त्या पोराशी बोलायचे नाहीत. आणि जो परत वर गेला, त्याला खाली आल्यावर खिशातल्या पुडीतले फुटाणे द्यायचे. शाबासकी म्हणून नाही. नुसते हातावर ठेवायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचे. "जमीन कुठी पळून नाही चालली," एवढं एक वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं.

एका सकाळी वारा आडवा होता आणि मला काही केल्या विमानाचं नाक पट्टीच्या समोर धरता येईना. मी परत वर गेलो. पुन्हा आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा वर जाताना मला लाजेनं रडू यायचं बाकी होतं. खाली पोरं उभी होती ना. शेवटी कसाबसा उतरलो. सरांनी पुडीच माझ्या हातात दिली, अख्खी.

आता त्यांच्या एका नियमाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. शिकणारा पहिल्यांदा एकटा उडणार त्या दिवशी मैदानावर त्याच्या नात्यातलं कुणी येता कामा नये. बाकी कुठल्या क्लबात असला नियम असेल असं मला वाटत नाही. पण आपली माणसं सरांना ठाऊक होती. आपल्याकडं पोरगा पहिल्यांदा सायकलवर बसला तरी अख्खी गल्ली ओट्यावर येते. मग विमान म्हटल्यावर काय विचारता. एकदा एका जमीनदाराच्या घरचे लोक नारळ, हळदकुंकू, पेढे घेऊन मोटारीनं आले. सोबत म्हातारी आजी, आत्या, पोरंटोरं. सर फाटकातच उभे राहिले.

"बाबासाहेब, आज उडणं बंद हाये," ते म्हणाले.

"काहून? आभाळ त सफा हाये."

"तुमी आले म्हणून बंद हाये. तुमचं पोरगं उतराले आलं, चुकलं, आन् परत वर गेलं, त तुमी काय म्हणसान?"

जमीनदार हसले. "म्हणू, भेला लेकाचा."

"हेच," सर म्हणाले. "घरी जा. पेढे इथं ठेवा."

ते लोक फार बोलले. सेक्रेटरींकडं तक्रार गेली. सर बधले नाहीत. आपल्या माणसांसमोर पोरगा वर जात नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो पोरगा दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता एकटा उडाला, उतरला आणि सायकलवरून घरी गेला.

आमच्यात मधुकर म्हणून एक होता. जुन्या शहरातला, मोर्णा नदीच्या काठी ज्यांचे भाजीचे मळे होते त्या माळ्यांतला. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला. हात असा गोड की सर त्याच्या विमानात कधी शिवी द्यायचे नाहीत, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला त्याचा हेवा वाटायचा. मधुकर बोलायचा कमी. त्याचा बाप तुळशीराम मात्र बोलका. पहाटे मळ्यातून माल काढून बाजारात जायचा, विकून झालं की रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मैदानाच्या फाटकाशी यायचा आणि उभा राहायचा. आत यायचा नाही. सरांसाठी कधी कोथिंबीर, कधी दोन मुळे ठेवून जायचा.

मधुकरची एकटा उडायची वेळ जवळ आली तसा तुळशीराम सरांच्या मागं लागला.

"साहेब, येऊ द्या ना आमाले. दूर उभे राहू."

"नाही, तुळशीरामभाऊ."

"लोक काय म्हणतेत मालूम हाये? म्हणतेत, तुळश्याचं पोट्टं तिथं इमान पुसते. फडकं मारते म्हणतेत. माह्या भावाचा सासरा परवा भर बाजारात बोलला. एक डाव पाहू द्या त्यायले. मंग नाही येत कोणी, गळ्यातल्या माळेची आण घेऊन सांगतो."

"तुह्या पोराचं इमान त्यायनं पायलं काय, नाही पायलं काय, तो उडतेच ना?"

"तुमाले नाही समजत साहेब," तुळशीराम म्हणाला. "तुमाले कोणी फडकं मारते म्हटलं नाही."

त्या दिवशी सरांनी मुळे घेतले नाहीत, हे मी पाहिलं. हे असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी एकदा, मला वाटतं तुळशीराम रडला असावा, मी जवळ नव्हतो, सर शेडमध्ये येऊन म्हणाले, "कुंपणाबाहेर उभे राहतीन ते. मधुकर, तुले चालते काय?"

मधुकर खाली पाहत म्हणाला, "तुमी म्हणसान तसं."

मला आजही राग येतो. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. त्या भावाच्या सासऱ्याचा म्हणा.

दसरा झाला होता आणि परतीचा पाऊस रात्रीच पडून गेला होता. पट्टी वाळली होती, पण दोन्ही बाजूंची काळी माती चिकट झाली होती. माळ्यांच्या बैलगाड्या उजाडताच आल्या. बाया, म्हातारे, लेकरं, आणि एक ताशेवाला. तुळशीरामनं पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं आणि झेंडूच्या माळांची पाटीच सोबत आणली होती. सरांनी त्यांना कुंपणाबाहेर उभं केलं आणि ताशा बंद करायला सांगितलं. मधुकरसोबत त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा तो अलगद उतरला. मग सर पुढच्या सीटवरून उतरले, तिथला मोकळा पट्टा घट्ट बांधला, मधुकरच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला झाले.

तो उडाला तेव्हा बाया रडत होत्या.

फेरी घेऊन तो उतरायला आला. जरा उंच होता. अगदी थोडा. त्यानं शिकवल्याप्रमाणं इंजिन वाढवलं आणि वर गेला. सर पुटपुटले, "शाब्बास." मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. पण कुंपणापाशी कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि म्हणालं, "भेला ना बे." आणखी दोघं-तिघं हसले. तुळशीरामनं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरलेला मला इतक्या दुरूनही दिसला.

मधुकर दुसऱ्यांदा आला तेव्हा तुळशीराम तारेतून आत शिरला होता. पट्टीच्या कडेला धावत जाऊन तो दोन्ही हात वर करून बोलवत होता, मळ्यातून घरी बोलवतात तसं. ये, ये. त्याच्या मागं सगळी माणसं तार वाकवून आत आली. सर ओरडले, धावले. विमान पुन्हा उंच होतं आणि या वेळी वेगातही होतं. मधुकरनं डोकं बाहेर काढलं होतं आणि ते बापाच्या दिशेला वळलेलं होतं. चाकं टेकली. विमान उसळलं. आम्ही सगळे कान देऊन होतो, आता इंजिन वाढवेल, आता वाढवेल. आवाज वाढला नाही. त्यानं नाक दाबलं. दुसऱ्यांदा टेकलं ते एका चाकावर, पंख जमिनीला घासला, आणि विमान पट्टी सोडून काळ्या मातीत गेलं आणि पालथं झालं.

आग लागली नाही. सर पहिल्यांदा पोचले. आम्ही पोचलो तेव्हा ते पालथ्या विमानाखाली गुडघ्यावर बसून मधुकरचं डोकं दोन्ही हातांनी धरून होते आणि म्हणत होते, "पट्टा नको सोडू बापा, पट्टा नको सोडू." मधुकरची मान मोडलेली होती. त्याला काही ऐकू येत नव्हतं. तरी सर ते म्हणतच राहिले, मेकॅनिकनं त्यांचे हात सोडवेपर्यंत.

चौकशीला बाहेरून एक साहेब आला. आम्हा पोरांनाही एकेक करून बोलावलं. माझ्याआधी सर आत जाऊन आले होते. मी सांगितलं, तो उसळला आणि वर गेला नाही. साहेब म्हणाला, तुमच्या शिक्षकांचं म्हणणं आहे की पोरगा एकटा उडण्याइतका तयारच नव्हता, त्यांनी घाई केली. मी चकित झालो. बाहेर येऊन सरांना गाठलं.

"सर, तो आमच्या सगळ्यांपेक्षा तयार होता. तो लोकांमुळं वर गेला नाही. तुम्हीच तर सांगायचे."

"तू चूप राय."

"पण खरं काय ते..."

"खरं सांगू?" सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मंग ते त्याच्या बापाले कोण सांगन? तू सांगतं? जा, सांग त्याले, तू हात केला म्हणून पोरगा मेला. जा."

मी गेलो नाही. सरांचा शिकवायचा परवाना गेला. पुढं क्लबही बंद पडला. शेडमागचा सांगाडा आणि मधुकरचं विमान, दोन्ही भंगारवाल्यानं एकाच गाडीत नेलं. मी विमान सोडलं, कॉलेज पुरं केलं आणि अमरावतीला परत येऊन नोकरीला लागलो.

काही वर्षांनी सर आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन राहायला आले. एका शाळेत पोरांकडून कवायत करून घ्यायचे. लग्न केलेलं नव्हतंच. गल्लीत त्यांची एका गोष्टीपायी फार थट्टा व्हायची. दर रविवारी सकाळच्या एसटीनं ते अकोल्याला जायचे आणि संध्याकाळी पिशवीभर भाजी घेऊन परत यायचे. "काहून सर, आमच्या अमरावतीच्या वांग्यायले चव नाही काय?" असं आमच्या शेजारच्या काकू त्यांना तोंडावर विचारायच्या. सर म्हणायचे, "आहे ना." आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे.

मामाकडं लग्न होतं म्हणून एका रविवारी मी त्यांच्या सोबत निघालो, आणि उतरल्यावर ते जुन्या शहराकडं वळले तसा मीही गेलो. बाजारात तुळशीराम गोणपाटावर भाजी मांडून बसला होता. सरांना पाहिल्याबरोबर तो सुरू झाला.

"आला काय खुनी. या, सगळे पाहून घ्या याले. यानं माह्या पोराले मारलं. कच्च्या पोराले वर पाठवलं आन् हा जिता राहिला."

शेजारचे भाजीवाले मान वर करून बघतही नव्हते. त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. सर हात जोडून उभे राहिले. तो थांबल्यावर म्हणाले, "वांगे दे अर्धा शेर." त्यानं तोलून दिले, पैसे घेतले, आणि त्यांच्या पाठीवर आणखी एक शिवी टाकली.

परत येताना एसटीत मी चिडून विचारलं, "तुम्ही इतक्या लांब शिव्या खायला जाता?"

"हाव," सर म्हणाले. मग खिडकीकडं तोंड करून, "त्याले कोणावर तरी ओरडाले लागते. घरी बायको हाये, पोराची माय. तिच्यावर ओरडला त बरं नाही."

त्यानंतर मी मधूनमधून त्यांच्या सोबत जाऊ लागलो. सरांना दम लागायचा, पिशवी उचलवायची नाही. शेवटचा गेलो तो रविवार थंडीतला होता. तुळशीराम फार खंगला होता. सर उभे राहिले, वाट पाहिली. शिव्या आल्या नाहीत. त्यानं खाली मान घालून मेथी तोलली, दोरीनं बांधली, पण दिली नाही. हातातच धरून बसला.

"साहेब," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं सरांना साहेब म्हटलं नव्हतं. "एक इचारू?"

"इचार ना भाऊ."

"त्या दिवशी मी पट्टीजवळ गेलो होतो. दोन्ही हातानं बलावून राहिलो होतो त्याले. ये म्हणून." त्यानं मेथीची दोरी पुन्हा आवळली. "त्याले दिसलो असन काय मी?"

मी जमिनीकडं पाहत होतो, मला सरांकडं बघायचा धीर झाला नाही.

"नाही, भाऊ," सर म्हणाले. "समोर इंजिन असते. मागच्या सीटवरून खालचं माणूस दिसतच नाही. कोणालेच दिसत नाही. याले इचार पाहिजे त. यानं चालवलं हाये."

तुळशीरामनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"खरं काय, बापू?"

"खरं आहे, काका," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं श्वास सोडला आणि मेथी सरांच्या पिशवीत ठेवली, हळू, पानं चुरगळू न देता.

"मंग तुमीच मारलं त्याले," तो म्हणाला.

"हाव, मीच," सर म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात न देता स्वतःच उचलून चालू लागले.